खेळाचा दाखला आणि हुतूतूतली संजीवनी

ख्रिस्ती नियतकालिकांत, तरुणांच्या शिबिरांत आणि रविवारच्या प्रवचनांत लेखनाचा एक प्रकार आता चांगला रुजला आहे. एखादा खेळ घ्यायचा आणि त्याच्या एकेका अंगावर श्रद्धेची एकेक संज्ञा बसवायची. फुटबॉलचा गोल म्हणजे स्वर्ग, पंच म्हणजे सदसद्विवेकबुद्धी, शेवटची शिट्टी म्हणजे मृत्यू. क्रिकेट असेल तर तीन यष्ट्या म्हणजे विश्वास, आशा आणि प्रीती. गोलंदाज कोण, हे सांगायला नकोच. डोंगर चढायचा असेल तर पाठीवरची पिशवी पापांनी भरलेली असते आणि ती वाटेत टाकून दिल्यावाचून शिखर गाठता येत नाही. (सातपुड्यात ज्याने पाण्याच्या बाटलीसकट पिशवी टाकून देऊन चढ चढून पाहिला असेल, त्याने या दाखल्याविषयी आपले मत जरूर कळवावे.)

या प्रकाराची थट्टा करणे सोपे आहे, परंतु तेवढ्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. धर्मग्रामातली मुले ईश्वराची कल्पना जितकी धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून घेतात, तितकीच अशा दाखल्यांतून घेतात, किंबहुना अधिकच. पुस्तक परीक्षेनंतर विसरले जाते, दाखला लक्षात राहतो. म्हणून तो कसा रचला आहे, खरा आहे की खोटा, याची साहित्य म्हणून चिकित्सा झाली पाहिजे.

आमची कसोटी साधी आहे. लेखातून खेळ काढून घ्यावा आणि शिकवणीचे काही उणे झाले काय ते पाहावे. बहुधा काहीच होत नाही. परिश्रम करा, शिस्त पाळा, संघभावना ठेवा, यश तुमचेच आहे. एवढेच हाती उरते. हे शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रमुख पाहुणेही सांगतात, आणि त्यासाठी ख्रिस्ताला क्रूसावर जावे लागत नाही. प्रभूचे दाखले असे नाहीत. द्राक्षमळ्यात दिवसभर राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी मिळते, हे ऐकून मजुरांचा हिशेब चुकतो. आपलाही चुकतो. तो चुकावा म्हणूनच तो दाखला सांगितला गेला. खेळाचे आपले दाखले मात्र ऐकणाऱ्याचा हिशेब जसाच्या तसा ठेवतात, फक्त त्यावर धर्माचा शिक्का उमटवतात.

यावर कोणी म्हणेल की संत पौलानेही धावण्याच्या शर्यतीचा दृष्टान्त दिला आहे. दिला आहे, आणि म्हणूनच तो नीट वाचला पाहिजे. करिंथ शहराजवळ दर दोन वर्षांनी इस्थमियन खेळ भरत असत. प्रेषितांच्या कृत्यांप्रमाणे पौल त्या शहरात दीड वर्ष राहिला होता. तेथल्या विजेत्याला सोन्याचे पदक मिळत नसे. पाइनच्या डहाळ्यांचा, काही काळ तर वाळलेल्या सेलरीचा मुकुट मिळे. नाशवंत मुकुटाचा उल्लेख पौल करतो तेव्हा करिंथकरांच्या डोळ्यांपुढे तो कोमेजलेला पाला उभा राहत असला पाहिजे. पण खरी गोष्ट पुढेच आहे. पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात हा दृष्टान्त येतो कशासाठी? त्याआधीचा सारा अध्याय पौलाने सोडून दिलेल्या हक्कांविषयी आहे. प्रेषित म्हणून आपल्या चरितार्थाचा भार मंडळीवर टाकण्याचा त्याला अधिकार होता, तो त्याने वापरला नाही. दुर्बळांसाठी तो दुर्बळ झाला. खेळाडू जसा कितीतरी गोष्टी वर्ज्य करतो, तसा मीही माझे हक्क वर्ज्य करतो, हा त्या तुलनेचा कणा आहे. आपले प्रवचनकार हा कणा काढून टाकतात आणि जिंकण्याचे मांस तेवढे वाढतात.

त्याचा परिणाम काय होतो, हे दीपनगरसारख्या ठिकाणी फार लवकर दिसते. औष्णिक विद्युत केंद्राच्या या वसाहतीच्या रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले दिसतात. त्यांतली कितीतरी हौसेखातर धावत नाहीत. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावे लागते, त्याची ती तयारी असते. खानदेशात वैशाखाचे ऊन चढायच्या आत, अंधारातच ती बाहेर पडतात. जागा थोड्या, धावणारे हजारो. धावतात सगळे आणि बक्षीस एकालाच मिळते, हे पौलाचे निरीक्षण त्यांना समजावून सांगावे लागत नाही. अशा मुलापुढे व्यासपीठावरून कोणी म्हणाले की ईश्वरावर श्रद्धा ठेवून धावणारा जिंकतोच, तर एका गुणाने यादीबाहेर राहिलेला मुलगा त्यातून कोणता अर्थ घेईल? आपली श्रद्धा कमी पडली, हाच. दाखला सांगणारा घरी निघून जातो आणि मुलगा तो अर्थ उराशी घेऊन बसतो. खेळाच्या दाखल्यावरचा आमचा सर्वांत मोठा आक्षेप हा आहे की त्यात हरलेल्याला जागा नसते. आणि शुभवर्तमान तर मुख्यतः हरलेल्यांसाठी आहे.

फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल पुन्हा धावतो, पण तेथे एक विलक्षण उलटापालट करतो. मी पकडण्यासाठी धावतो आहे असे म्हणता म्हणता, ख्रिस्ताने मला आधीच पकडले आहे, असे तो सांगून टाकतो. ही ओळ ज्यांना कळली त्यांना शर्यतीचा दृष्टान्त किती जपून वापरावा लागतो हेही कळेल.

पवित्र शास्त्रात खेळ इतरत्रही आहे. कॅथोलिक बायबलमध्ये असलेल्या मक्काबींच्या दुसऱ्या पुस्तकात, चौथ्या अध्यायात, यरुशलेममध्ये ग्रीक पद्धतीची व्यायामशाळा उभी राहते आणि थाळीफेकीचा इशारा होताच याजक वेदीवरचे काम टाकून मैदानाकडे धाव घेतात. रविवारी सकाळी क्रिकेटच्या सामन्यासाठी मिस्सा चुकवणाऱ्या मुलांना बोल लावताना हा उतारा आठवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की तेथे पळाले ते याजक होते. उलट जखऱ्या संदेष्टा पुन्हा वसलेल्या यरुशलेमचे चित्र रंगवतो तेव्हा काठी टेकत बसलेले म्हातारे आणि रस्तोरस्ती खेळणारी मुलेमुली दाखवतो. मुले काय खेळतात, कोण जिंकते, त्यातून काय शिकावे, यातले काही तो सांगत नाही. आणि प्रभू येशू? हेरोदाने यरुशलेमेत नाट्यगृह व क्रीडास्थान उभारून सामने भरवल्याचे योसेफस या इतिहासकाराने नोंदले आहे. म्हणजे त्या काळच्या यहुद्यांना मोठे सामने अपरिचित नव्हते. तरी शर्यतीचा वा कुस्तीचा एकही दाखला प्रभूने दिला नाही. त्याने दाखला दिला तो बाजारात बसलेल्या मुलांचा. काही मुले पावा वाजवतात, इतर नाचत नाहीत. मग ती रडण्याचा खेळ मांडतात, तरी इतर रडत नाहीत. तेथे जयपराजयाचा प्रश्नच नाही. खेळायला बोलावले असता खेळात न येण्याचा आहे. चारही शुभवर्तमानांत आम्हाला आठवणारा खेळाचा दाखला हा एवढाच.

आता मराठीकडे येऊ. खेळातून परमार्थ सांगण्याची आपल्या भाषेची परंपरा समृद्ध आहे आणि ती आपल्या शेजारीच, वारकरी संतांच्या वाङ्मयात, आहे. एकनाथांनी हुतूतू, फुगडी, पिंगा यांवर रचना केल्या. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, टिपरी, हमामा आहेत. या रचना वाचताना जाणवते ते हे की रचणाऱ्यांना खेळ ठाऊक होता. चेंडू कोणी टाकायचा, डाव कोणावर येतो, दम कोठे तुटतो, हे त्यांना मैदानावरून माहीत होते, आणि अर्थ त्या नियमातूनच बाहेर येत होता. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ साली प्रसिद्ध झाले. येथल्या लोकांशी बोलायचे तर येथलीच ओवी घ्यावी लागते, हे इंग्लंडहून आलेल्या त्या जेझुइट धर्मगुरूंना चारशे वर्षांपूर्वी कळले होते. आपण मात्र परदेशी पुस्तिकांतून बर्फावरून घसरण्याच्या खेळाचे दाखले उचलतो आणि मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, भुसावळ तालुक्यातल्या मुलांना ऐकवतो. मुले सोशिक आहेत.

येथला खेळ घ्यायचा तर हुतूतू घ्यावा. आज तो कबड्डी या नावाने देशभर आणि देशाबाहेर खेळला जातो. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने त्याचे प्रात्यक्षिक दाखवले होते, आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला. नियम बांधले जाण्यापूर्वी त्याचे तीन प्रकार प्रचारात होते, आणि त्यांची नावेच एखाद्या धर्मशास्त्राच्या ग्रंथातली वाटावीत अशी आहेत: संजीवनी, गामिनी आणि अमर. अमर प्रकारात गडी बाद झाला तरी मैदान सोडत नाही, फक्त गुण मोजले जातात. गामिनीत जो बाद झाला तो गेला; सगळा संघ बाद होईपर्यंत तो परत येत नाही. संजीवनीत मात्र बाद झालेला गडी पुन्हा उठतो. पोरे सरळ म्हणतात, अमका मेला, तमका जिवंत झाला. आजची कबड्डी मुख्यतः याच प्रकारातून घडली आहे.

येथे घाईचा प्रवचनकार लगेच पुनरुत्थान गाठील, आणि आमच्या मते येथेच थांबून नियम पुन्हा वाचला पाहिजे. मेलेला गडी उठतो तो स्वतःच्या बळावर नव्हे. तो रेषेबाहेर बसलेला असतो. त्याला दम घेऊन चढाईला जाता येत नाही, पकड करता येत नाही, स्वतःच्या सुटकेसाठी काहीही करता येत नाही. आत उरलेल्यांपैकी कोणी समोरचा गडी मारला की याला जीव मिळतो. तोही लायकीप्रमाणे नाही, ज्या क्रमाने गडी बाद झाले त्याच क्रमाने. उत्तम खेळाडू मागून बाद झाला असेल तर त्याला थांबावे लागते आणि कच्चे पोर आधी आत जाते. कृपा म्हणजे काय, हे समजावताना धर्मशिक्षकांची तारांबळ उडते. येथे शाळकरी मुलाला कळेल अशा रीतीने तिची निदान एक बाजू उघडी होते: तारण आपल्याला दुसऱ्याच्या कष्टाने मिळते. संतांचा समागम आपण दर रविवारी श्रद्धाप्रकटनात उच्चारतो, त्याचीही काही चाहूल येथे आहे. आत खेळणारा स्वतःसाठीच खेळत नसतो, बाहेर बसलेल्यांसाठीही खेळत असतो. आमच्या कसोटीला हा दाखला उतरतो, कारण खेळ काढून घेतला तर हे इतके नेमके सांगता येणार नाही.

आणि तरीही तो शेवटपर्यंत जात नाही. हुतूतूत माझा गडी जिवंत होतो तो समोरचा मेल्यामुळे. एकाचा जीव दुसऱ्याच्या मरणावर अवलंबून आहे, आणि मरणारा आपल्या इच्छेने मरत नाही, ओढून मारला जातो. क्रूसावर जे घडले ते याच्या उलट आहे. तेथे चढाईला आलेला शत्रूच्या अंगणात शिरला, पकडला गेला, त्याचा दम तुटला, आणि त्याच्या त्या मरणाने दोन्ही बाजूंचे मेलेले उठले. असा नियम कोणत्याही मैदानावर नाही, आणि असता तर तो खेळ चालला नसता. दाखला जेथे तुटतो ती जागा मुलांना दाखवावी असे आम्हाला आग्रहाने वाटते. आपले लेखक ती लपवतात, कारण दाखला तुटला म्हणजे प्रवचन फसले असे त्यांना वाटते. वास्तविक ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण त्या तुटलेल्या जागीच दिसते.

‘दम’ या शब्दावरून पवित्र आत्म्याकडे जाणाऱ्यांविषयी एकच सांगतो. हिब्रू भाषेत श्वास आणि आत्मा यांना एकच शब्द आहे हे खरे. परंतु हुतूतूत दम कोंडून धरायचा असतो, आणि प्रभूने शिष्यांवर श्वास फुंकला.

खो-खोविषयी थोडक्यात. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी आलटून पालटून विरुद्ध दिशांना तोंडे करून बसलेले असतात. कोणालाही आपणहून उठता येत नाही. खो मागून मिळतो, म्हणजे बोलावणारा दिसत नाही. पाठीवर हात पडतो आणि शब्द कानी येतो, तेव्हाच उठायचे. आणि ज्याने खो दिला त्याने उठणाऱ्याच्या जागी मुकाट्याने बसायचे. पाचारणाविषयी, विशेषतः जागा सोडण्याविषयी, योहान बाप्तिस्त्याच्या संदर्भात याहून चांगला देशी दाखला आम्हाला माहीत नाही. ‘खो घालणे’ याचा व्यवहारातला अर्थ मात्र अगदी निराळा आहे, आणि धर्मग्रामाच्या समित्यांत खो-खो खेळला जातो तो बहुधा त्याच अर्थाने, हेही ओघाने आलेच.

मैदानाबाहेरच्या मोकळ्या हवेतल्या करमणुकीवर, म्हणजे सहली, गिर्यारोहण, जंगलभ्रमंती यांवर, अलीकडे पुष्कळ भाविक लेखन होते. त्याची स्फूर्ती मोठी आहे. पोप दुसरे जॉन पॉल तरुणांना घेऊन डोंगरांत व नद्यांवर जात. १९५८ साली सहायक बिशप म्हणून त्यांची नेमणूक झाली तेव्हा ते होडीच्या सहलीवर होते. ७ सप्टेंबर २०२५ रोजी संतपदी घोषित झालेले पिएर जॉर्जो फ्रासाती हे तर गिर्यारोहकच. त्यांचे डोंगरावरचे छायाचित्र आता आपल्या युवा मंडळांच्या भिंतींवरही दिसू लागेल. पण फ्रासातींविषयी लिहिणारा शिखरावरच थांबला तर त्याने अर्धेच लिहिले. तूरीनच्या गरीब वस्त्यांत ते नित्य जात. १९२५ साली चोविसाव्या वर्षी पोलिओने त्यांचा अंत झाला. तो आजार गोरगरिबांच्या सेवेतच जडला असे मानतात. हात लुळा पडत असताना त्यांनी कशीबशी खरडलेली शेवटची चिठ्ठी एका गरीब रुग्णाच्या औषधाविषयी होती. डोंगराने त्यांना काय दिले, याचे उत्तर डोंगरावर शोधून सापडत नाही.

आपल्याकडेही पाल, तोरणमाळ, पाटणादेवी अशा सहली निघतात आणि परत आल्यावर सृष्टीत ईश्वर दिसल्याचे लेख येतात. त्यांत सातपुड्यातला पावरा वा भिल्ल माणूस सहसा नसतो. जी वाट आपल्याला विरंगुळा वाटते त्याच वाटेवरून तो सरपण, डिंक, मोहाची फुले घेऊन जातो. तो लेखातून गळतो तेव्हा सृष्टीतला ईश्वर फार सोयीचा होतो. निसर्गाकडे बोधाची घाई न करता पाहणे ज्याला जमले तो कवी याच मुलखातला: धरणगावी १८९० साली जन्मलेले बालकवी ठोंबरे. रेव्हरंड टिळक व लक्ष्मीबाई यांच्या घराने त्यांना माया दिली. १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातात ते गेले. भुसावळहून जळगावला जाताना आजही ते स्थानक लागते. ठोंबऱ्यांच्या निर्झराने कोणाला कधी उपदेश केला नाही, आणि तरी तो वाचून माणूस कोरडा राहत नाही. आपल्या भाविक निबंधकारांनी त्यांच्यापासून थोडा संयम उचलला तर बरे होईल.

शेवटी रविवारचा प्रश्न. खेळ आणि श्रद्धा म्हटले की आपल्याकडे एरिक लिडेल यांची कथा हमखास येते. ते स्कॉटिश प्रॉटेस्टंट होते. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून ते धावले नाहीत, आणि नंतर चारशे मीटरची शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकले. १९८१ साली निघालेल्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटाने ही कथा जगभर नेली. चित्रपटात त्यांना ही बातमी बोटीवर चढताना कळते. प्रत्यक्षात ती काही महिने आधीच कळली होती आणि त्यांनी तेवढा काळ चारशे मीटरचा सराव केला होता. चित्रपटाला नाट्य हवे होते. प्रवचनकारांनी ते जसेच्या तसे घेतले आणि ‘रविवार पाळला, म्हणून सुवर्णपदक मिळाले’ असे सरळ गणित मांडले. पुढची कथा या गणितात बसत नाही, म्हणून ती कोणी सांगत नाही. लिडेल धर्मप्रसारासाठी चीनला गेले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेइशियेनच्या छावणीत डांबले, आणि युद्ध संपायच्या काही महिने आधी, फेब्रुवारी १९४५ मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, मेंदूतल्या गाठीने ते तेथेच वारले. त्या छावणीत कोंडलेल्या मुलांसाठी ते खेळ भरवत. रविवारी मात्र नाही. पुढे एका रविवारी मुलांनी आपणच हॉकी मांडली आणि पंचावाचून त्यांची मारामारी जुंपली. त्यानंतर, असे त्यांचे चरित्रकार सांगतात, ज्याने रविवारसाठी ऑलिंपिकची शर्यत सोडली होती तोच माणूस रविवारी शिट्टी घेऊन मैदानात उतरला.

आमच्या वसाहतीत वीजकेंद्राची भट्टी रविवारी विझत नाही. तिसऱ्या पाळीहून आलेला बाप सकाळी झोपलेला असतो आणि मुलगा बॅट घेऊन बाहेर पडलेला असतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मकायद्याने, कलम १२४८ अन्वये, आदल्या संध्याकाळच्या मिस्सेत भाग घेऊनही रविवारचे कर्तव्य पार पडते. जेथे शनिवारी संध्याकाळी मिस्सा होत नाही तेथे ती सुरू करावी, अशी आमची धर्मगुरुबंधूंना विनंती आहे. आणि रविवारच्या सामन्यांना पंच मिळत नसेल तर त्यांच्यापैकी कोणी शिट्टी घेऊन जायलाही हरकत नाही.